शर्टाचं बोला, रंगाचं नको

विश्रामबाग, सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा 17 वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमाला. सुट्टीतल्या ट्रेनिंगसाठी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याची मुलाखत आहे. अंगात चुरगळलेला टी-शर्ट, केस डोळ्यांवर. "असा गबाळा गेलास तर दारात तरी उभं करतील का?" असं त्या म्हणाल्या. तो उसळला, "माझं काम बघतील की कपडे?" त्यात आजींनी भर घातली, "आधीच रंग सावळा." तेव्हापासून त्याचं बोलणं बंद आहे. कसं समजवू, असं त्या विचारतात.

ताई,

आधी आजींच्या वाक्याचं बघा. त्याला लागलंय ते तेच. केस विंचरणं त्याच्या हातात आहे, रंग नाही. दोन्ही एका दमात बोललं गेलं की पोराला एवढंच ऐकू येतं, मी दिसायलाच वाईट. आजींना बाजूला घेऊन सांगा, हा विषय या घरात पुन्हा नको. आणि ते बोलणं तुम्हाला पटलेलं नाही, हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या.

आता त्याचा प्रश्न. बघतात दोन्ही, पण कपडे आधी दिसतात, आणि दिसण्यावरून पहिलं मत झटकन बनतं. 2006 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा जेमतेम दहावा भाग दाखवले. माणूस भरवशाचा आहे का, कर्तबगार आहे का, याबद्दलची मतं तेवढ्यातही बनली. जास्त वेळ दिल्यावर ती फारशी बदलली नाहीत, लोकांची स्वतःच्या मतावरची खात्री तेवढी वाढली. पण ती मतं खरी होती असं यातून निघत नाही. हेही त्याला सांगाच.

घरात बसून उपदेश नको. संध्याकाळी हरभट रोडला घेऊन जा, चहा घ्या आणि विचारा, या गर्दीत पत्ता विचारायचा झाला तर कुणाला विचारशील? कुणाला टाळशील? तो पटकन सांगेल. मग विचारा, ज्याला टाळलंस त्याची तुला काय माहिती आहे? आपणही माणसं अशीच जोखतो, हे त्याचं त्याला उमगू दे.

कारखान्यात तर आणखी एक कारण आहे. लेथ म्हणजे धातू कातायचं यंत्र. त्याच्या फिरत्या चकमध्ये, म्हणजे धातूचा तुकडा पकडणाऱ्या भागात, मोकळे केस किंवा लोंबती बाही अडकली तर जिवावर बेततं. डोळ्यांवर केस आलेला मुलगा दिसला की सुपरवायझरच्या मनात येणारच, याला मशीनपाशी उभं करावं का? वर्कशॉपमध्ये एप्रन आणि बूट का लागतात, ते मुलालाच विचारा. तो तुम्हाला समजावून सांगेल, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच पटेल.

नवे कपडे घेऊ नका. इस्त्रीचा शर्ट, पुसलेले बूट, कापलेली नखं, बास. केस कापायचे की मागे बांधायचे ते तो ठरवील. बांधून आला तर तोंड वाकडं करू नका. मुलाखतीच्या सकाळी सूचना बंद, पोटभर खाऊ घाला.

निवड नाही झाली तर "बघ, मी सांगत होते" हे ओठांवर येईल. ते गिळा. काय काय विचारलं, कुठे अडला, तेवढं ऐकून घ्या.