न्यू जर्सीत आईसाठी मेडिकल मारिजुआना कार्ड कसं काढायचं? आई ग्रीन कार्डवर आहे, मी एच-वन बीवर

तुमच्या आईची केमो चालू आहे, मळमळीमुळे अन्न पोटात ठरत नाही आणि नर्सनं हे कार्ड, म्हणजे मारिजुआना (गांजा) औषध म्हणून विकत घ्यायचं राज्याचं ओळखपत्र, सुचवलं आहे. ते मिळेल का आणि माल तुम्ही आणू शकता का, असं तुम्ही विचारलंय. राज्याच्या नियमानं दोन्हीला हो. पण तुम्हा दोघांपैकी कोणीच अमेरिकेचा नागरिक नाही. त्यामुळे अर्जाला हात लावण्याआधी इमिग्रेशनचा भाग नीट वाचा.

न्यू जर्सीच्या यादीत कॅन्सर आहेच. शिवाय जुनाट वेदना, मायग्रेन, अपस्मार, काचबिंदू, क्रोन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, पीटीएसडी, अँग्झायटी, पाळीच्या तीव्र वेदना असे आजारही आहेत. कॅन्सरच्या निदानावर पात्रतेचा वाद सहसा होत नाही. सुरुवात डॉक्टरकडून होते, आणि तो राज्याच्या औषधी कॅनॅबिस (मारिजुआनाचंच दुसरं नाव) कार्यक्रमात नोंदलेला असावा लागतो. आईचे ऑन्कॉलॉजिस्ट नोंदलेले नसतील तर कॅनॅबिस रेग्युलेटरी कमिशनच्या वेबसाइटवर नोंदणीकृत डॉक्टर शोधता येतात. जाताना बायॉप्सीचा रिपोर्ट, केमोचं वेळापत्रक आणि सध्याच्या सगळ्या औषधांची यादी न्या. रिपोर्ट न बघता 'कार्डची गॅरंटी' देणाऱ्या क्लिनिकच्या वाटेला जाऊ नका. या भेटीचे पैसे विमा सहसा देत नाही, मालाचे तर नाहीच.

डॉक्टर प्रमाणपत्र नोंदवतो आणि एक रेफरन्स नंबर देतो. तो घेऊन पोर्टलवर रुग्णाची नोंदणी करायची, फोटो, ओळखपत्र आणि राज्यातल्या पत्त्याचा पुरावा चढवायचा. आपल्या लोकांचं घोडं इथंच अडतं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये आईचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, हॉस्पिटलच्या फाइलमध्ये फक्त आईचं, आणि डॉक्टर फाइलमधलं उचलतो. मग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र जुळत नाही. म्हणून डॉक्टरच्या खोलीतच ओळखपत्र पुढे ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. दुसरी अडचण पत्त्याची. मुलाकडे राहणाऱ्या आईच्या नावावर विजेचं बिल नसतं. गाडी चालवत नसली तरी तिचं मोटार व्हेइकल कमिशनचं नॉन-ड्रायव्हर आयडी काढून घ्या, ते पुढे शंभर ठिकाणी लागतं.

आईनं तुमची केअरगिव्हर म्हणून नोंद केली तर तुम्ही तिच्यासाठी खरेदी करू शकता. एका रुग्णाला दोन केअरगिव्हर चालतात. मर्यादा ३० दिवसांत ३ औंस, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम. घरी रोप लावायला रुग्णालाही परवानगी नाही. २१ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही २१ एप्रिल २०२२ पासून कार्डाशिवाय खरेदी करता येते. कार्डाचा फायदा म्हणजे विक्रीकर लागत नाही आणि नोकरीत थोडं संरक्षण मिळतं.

आता खरा मुद्दा. हे सगळं राज्याचं झालं. इमिग्रेशन चालतं संघराज्याच्या कायद्यावर, आणि तिथं राज्याचं कार्ड ढाल ठरत नाही. गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. अधिकाऱ्यासमोर तुम्ही स्वतः दिलेली कबुलीसुद्धा प्रवेश नाकारायला पुरेशी ठरू शकते. ग्रीन कार्डधारक १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून परतला की त्याच्याकडे नव्यानं प्रवेश मागणारा म्हणून बघितलं जातं. आपल्या आया भारतात जातात त्या सहा-सात महिन्यांसाठीच, हे ध्यानात घ्या. विमानतळावर फोनही तपासला जाऊ शकतो, आणि डिजिटल कार्ड किंवा दुकानाची पावती असते त्याच फोनमध्ये. नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्याचा निकष असतो. राज्यात कायदेशीर असलेला मारिजुआनाही त्यात आड येऊ शकतो, असं इमिग्रेशन खात्यानं एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केलं. केअरगिव्हर झालात तर माल तुमच्या ताब्यात येतो, त्यामुळे तुमचा एच-वन बी आणि पुढचं ग्रीन कार्ड दोन्ही पणाला लागतं. तुम्ही केअरगिव्हर होऊ नका, असंच मी स्पष्ट सांगेन. आणि अधिकाऱ्यानं विचारलंच तर खोटं अजिबात बोलू नका, ते प्रकरण आणखी महागात पडतं. वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देणार नाही, एवढं म्हणता येतं. अर्ज करायचाच असेल तर इमिग्रेशन वकिलाचा सल्ला आधी घ्या, डॉक्टरची अपॉइंटमेंट नंतर.

कार्डाआधी ऑन्कॉलॉजिस्टना ड्रोनाबिनॉलबद्दल विचारा. हे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसीच (गांजातला नशा आणणारा मुख्य घटक) आहे, केमोच्या मळमळीसाठी एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनं, १९८५ मध्येच मंजूर केलेलं. डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवर फार्मसीत मिळतं, त्यामुळे संघराज्याच्या कायद्यातही ते वैध औषध आहे. मंजुरी आहे ती नेहमीच्या औषधांनी मळमळ थांबत नाही अशा रुग्णांसाठी. म्हणून ओंडान्सेट्रॉन, ओलान्झापिन वगैरे काय काय देऊन झालं आणि काय उपयोग झाला नाही, हे फाइलमध्ये लिहून घ्या. विमा कंपनी पूर्वपरवानगीसाठी बहुधा तेच मागते. कॅप्सूल २.५, ५ आणि १० मिलिग्रॅमच्या येतात. आत तिळाचं तेल असतं, त्यामुळे तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. वयस्कर माणसाला उठताना चक्कर येते, कधी गोंधळल्यासारखं होतं. पहिल्या डोसच्या दिवशी घरात कोणीतरी हवंच, आणि रात्री बाथरूमला जाताना हात धरायला हवा.

वकिलाशी बोलून शेवटी कार्डच घ्यायचं ठरलं, तर ओढण्यापेक्षा गमी (चघळायची गोळी) किंवा तेल बरं, केमोत फुप्फुसं जपायला हवीत. सुरुवात २.५ मिलिग्रॅम टीएचसीनं करा. गमीचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून तासाभरात दुसरी खाल्ली जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात. आई वॉरफरिन घेत असेल तर डॉक्टरना कळवल्याशिवाय काहीच सुरू करू नका, रक्त पातळ होण्याचं प्रमाण बदलतं.

माल राज्याबाहेर न्यायचा नाही, पलीकडच्या पेनसिल्व्हेनियातसुद्धा नाही. मुंबईच्या विमानात तर एक गमीही नको. तिथं १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा लागतो आणि न्यू जर्सीच्या कार्डाला काही किंमत नसते. जाण्याआधी पर्स, औषधांचा डबा आणि हँडबॅगेचे कप्पे तुम्ही स्वतः तपासा.