वादळाआधी आंबा फवारू का? नको, आधी भात उचला

गोराई, मनोरी, उत्तनकडून कालपासून एकच प्रश्न येतोय: "साहेब, अरबी समुद्रातलं वादळ मुंबईकडे सरकतंय म्हणतात. मोहोरावर आजच औषध मारून घेऊ का?"

नको. आज मारलेलं औषध पहिल्या सरीत धुऊन जाईल. आंब्याचं पाऊस थांबल्यावर बघता येईल. हातातला वेळ आधी कापलेल्या भाताला द्या.

शेतात पसरलेल्या गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) भाताच्या पेंढ्या आजच्या आज खळ्यावर आणा. सुकल्या असतील तर आज रात्री जागून झोडणी उरका, कारण भिजलेल्या लोंब्यांना दोन-तीन दिवसांत मोड फुटतात. झोडणी होणारच नसेल तर उंचवट्यावर, लोंब्या आत ठेवून उडवी (पेंढ्यांचा ढीग) रचा. वर ताडपत्री टाकून दोरीने आवळा, नुसते दगड वाऱ्याला पुरत नाहीत. पाऊस उघडताच ताडपत्री काढा, नाहीतर आत वाफ कोंडून दाणा काळा पडतो. बुरशी आलेला पेंढा गुरांना घालू नका.

वालाच्या पिकाचं काय करायचं, हा प्रश्न आरेच्या पाड्यांतूनही आला. वालाला पाऊस सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. उताराच्या बाजूने चर आजच काढा, आणि नंतर वाफसा (पाय रुतणार नाही इतपत ओल) आल्याशिवाय शेतात पाय घालू नका.

खाजणालगतच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीलगतच्या) शेतकऱ्यांनी मात्र माझं जास्त ऐकावं. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा 3 तारखेची दत्तजयंतीची पौर्णिमा नुकतीच झाली होती. वादळ सुरतेकडे जाता जाता विरलं, पण उधाण आणि वारा एकत्र आले की पाणी किती आत घुसतं ते किनाऱ्याने पाहिलं. उधाण पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास येतं, म्हणून कॅलेंडरवर तिथी बघा. आजच बांधावरून चालत जा, खेकड्यांची भोकं चिखलाने बुजवा आणि उघाडीची (बांधातून पाणी सोडायच्या दाराची) झडप नीट बसते का ते तपासा. भरतीला ती बंद राहायला हवी, ओहोटीला उघडायला हवी. खारं पाणी आत आलंच तर ओहोटीला काढून द्या. विहिरीचं पाणी चाखून बघा. मचूळ लागलं तर ते भाजीला घालू नका.

आता आंबा. पाऊस थांबल्यावर फांद्या हलवून मोहोरातलं पाणी झटका. आकाश मोकळं झालं की भुरी रोगासाठी 10 लिटर पाण्यात 80 टक्के गंधक 20 ग्रॅम घेऊन फवारा. करपा दिसला तर कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक 10 लिटरला 10 ग्रॅम. तुडतुड्यांचं कीटकनाशक फुललेल्या मोहोरावर मारू नका, परागीकरण करणाऱ्या माश्या मेल्या तर फळ धरणार कुठून? लहान कलमांना बांबूचा आधार आजच द्या.

नुकसान झालं तर शेत आवरण्याआधी फोटो काढा आणि त्याच दिवशी तलाठ्यांना कळवा. पंचनामा होईपर्यंत पडलेलं झाड तोडू नका.