ताऱ्याच्या पृष्ठभागावर पारा कुठून येतो?

तुम्ही विचारलंय की सगळे तारे जवळपास सारख्याच गॅसमधून जन्मतात, मग काहींच्या पृष्ठभागावर पारा, युरोपियम असले धातू भरमसाट कसे सापडतात. माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे हा.

दिवाळीच्या सुमारास रात्री नऊ-दहाला डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसतो, त्याचा ईशान्येचा तारा म्हणजे उत्तरा भाद्रपदातला आल्फेरात्झ, 97 प्रकाशवर्षं लांब. त्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात, 398.4 नॅनोमीटर तरंगलांबीला एक ठसठशीत काळी रेघ आहे, ती पाऱ्याची, आणि हिशोब केला तर पारा सूर्याच्या हजारो पट निघतो.

पण आख्खा तारा काही पाऱ्याने भरलेला नाही, ही नुसती वरची साय आहे. दूध ढवळत राहिलं तर साय धरत नाही ना, तसंच सूर्याचा वरचा थर सतत खदखदतो म्हणून सगळं मिसळलेलं राहतं, आल्फेरात्झसारख्या गरम ताऱ्यात मात्र वरचा थर शांत असतो आणि हा तारा गरम ताऱ्यांच्या मानाने स्वतःभोवती फिरतोही सावकाश, त्यामुळे आतून ढवळणारं फारसं काही नाही. मग गुरुत्वाकर्षण हेलियमसारख्या मूलद्रव्यांना हळूहळू खाली बसवतं, आणि आतून येणारा प्रकाश ज्या अणूंना जास्त शोषता येतो त्यांना तो अक्षरशः वर ढकलतो. पारा, मँगनीज असे वर तरंगत येतात. प्रकाश अणूंना उचलतो ही गोष्ट मला अजूनही थक्क करते! 1970 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज मिशो यांनी हे नीट मांडलं.

काही ताऱ्यांना वर तगडं चुंबकीय क्षेत्रही असतं, तिथे हे धातू जागोजागी डागांसारखे साचतात. कोर कारोली नावाचा तारा साडेपाच दिवसांत स्वतःभोवती एक फेरी घेतो आणि जसजसे डाग समोर येतात तसतशा वर्णपटातल्या रेघा गडद-फिकट होतात. आपला व्याधसुद्धा सौम्य प्रमाणात अशाच वर आलेल्या धातूंचा तारा, त्याच्या पृष्ठभागावर लोखंड सूर्याच्या साधारण तिप्पट आहे.

सगळीकडे मात्र हेच कारण नसतं हं. आल्फेरात्झच्याच देवयानी तारकासमूहात आर अँड्रोमेडी हा तांबडा राक्षसी तारा आहे, त्याच्यासारख्या ताऱ्यांत 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना टेक्नेशियम हे मूलद्रव्य सापडलं. ते किरणोत्सारी, ताऱ्याच्या वयाच्या मानाने बघता बघता संपणारं, म्हणजे जन्मापासूनचं असूच शकत नाही. ते ताऱ्याच्या पोटातच तयार होऊन खालच्या उकळीबरोबर वर आलेलं.