घरच्या कॉम्प्युटरवर बॅकग्राउंडला चालणारं फाइल इंडेक्सिंग ठेवावं की बंद करावं?

तुम्ही लिहिलंय, "सगळे म्हणतात बंद कर, मशीन पळतं." ते वाचलं आणि राहवलं नाही. बंद करू नका. इंडेक्सिंग म्हणजे विंडोज फाइलींतल्या शब्दांची यादी आधीच करून ठेवतं, शोधलं की लगेच सापडावं म्हणून.

मी सोलापुरात कोर्टासमोर टायपिंगचं काम करते. वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, प्रतिज्ञापत्र. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, त्यामुळे फाइलला 'नवीन 3', 'काका फायनल' असलं नाव पडतं. अशी फाइल नावावरून सापडत नाही, आतल्या मजकुरावरूनच सापडते. आजीचं नाव नाहीतर गावाचं नाव टाकलं की विंडोज सर्च लगेच समोर आणून ठेवायचं.

माझे दीर कॉम्प्युटर दुरुस्त करतात. 2022 च्या एप्रिलमध्ये मशीन रखडायला लागलं म्हणून त्यांना दाखवलं. "वैनी, हे इंडेक्सिंग म्हणजे उगं बोजा हाय," म्हणाले आणि इंडेक्सिंग करणारी विंडोज सर्चची सर्व्हिस बंद (डिसेबल) करून गेले.

मे महिन्यात मंद्रूपहून एक आजोबा आले. 2019 ला माझ्याकडे केलेल्या वाटणीपत्राचा मसुदा हवा होता. त्यांच्याजवळची प्रत पावसात भिजलेली. पिशवीतून काढून टेबलावर उलगडली तर घडीवर फाटली. शाई पसरली होती, वाचता येत होतं ते त्यांच्या आईचं नाव. मी ते टाकलं. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली आणि खाली आलं, 'नो आयटम्स मॅच युवर सर्च'. मी म्हटलं, "नाही हो आजोबा, माझ्याकडे नाहीये." ते पाणी प्यायले आणि भर उन्हात स्टँडकडे गेले.

फाइल होती. इंडेक्स नसला की विंडोजचा फाइल एक्सप्लोरर नुसती नावं चाळतो. आतला मजकूरही बघ, असं सेटिंग मुद्दाम करावं लागतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं. चैन पडेना म्हणून तिसऱ्या रात्री 2019 चं फोल्डर तारखेप्रमाणे लावलं आणि एकेक उघडत बसले. 'नवीन 7' मध्ये निघालं. सकाळी फोन केला, तोवर त्यांनी दुसरीकडे पैसे मोजून, चतुःसीमा आठवेल तशी सांगून नवा मसुदा करून घेतला होता. "ताई, तुम्हीच नाही म्हणालात," एवढंच बोलले. माझ्या तोंडून त्या माणसाला खोटं सांगितलं गेलं, ते अजून टोचतं.

दीर आजही म्हणतात, तेव्हा मशीन पळायला लागलं ते इंडेक्सिंग काढल्यामुळे. नाही. पळालं ते पुढे एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाकल्यावर, आणि तेव्हा इंडेक्सिंग मी परत चालू केलेलं होतं. इंडेक्स पहिल्यांदा सगळ्या फाइली वाचतो तेवढाच काय तो त्रास. नंतर ज्या बदलल्या तेवढ्याच बघतो, आणि आपण कामाला बसलो की हात आखडता घेतो. दुरुस्तीवाल्याला दिवसभर फाइली शोधायच्या नसतात, म्हणून त्याला तो बोजा वाटतो.

तुमची जुनी हार्ड डिस्क आणि 4 जीबी रॅम आहे, तर पहिल्या खेपेला मशीन रात्रभर चालू ठेवा. डी ड्राइव्हवर कागद असतील तर इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन 'मॉडिफाय' मधून ते फोल्डर स्वतः जोडा, आपोआप येत नाही. घरात नुसते फोटो आणि सिनेमे असतील तर मात्र एव्हरीथिंग नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर पुरे. ते फाइलचं नाव टाइप करता करता दाखवतं, पण नावच.

आणि एक राहिलं. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, नुसतं चित्र असतं, ते यात सापडणार नाही. श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फाँटातलं मराठीही नाही, कारण पडद्यावर 'वारस' दिसलं तरी आत भलतीच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. इंडेक्सला युनिकोड लागतं, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलेलं. माझ्या जुन्या फाइली मी रोज चार-पाच करत बदलते आहे. 2014 पर्यंतच्या झाल्या.