करिअर मार्गदर्शन : मूल्यांकनाच्या अहवालातील विशेषणे

प्रश्न : स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन दीड वर्ष झाले. सध्या कोल्हापुरात एका नोंदणीकृत मूल्यांककांकडे (मालमत्तेची किंमत ठरवून देणाऱ्या तज्ज्ञांकडे) काम करतो. मी तयार केलेले गृहकर्जाचे तीन अहवाल बँकेने ‘भाषा मोघम आहे’ असा शेरा मारून परत पाठवले. माझे इंग्रजी कच्चे आहे. या व्यवसायात राहावे, की साइटवरची नोकरी पाहावी?

उत्तर : तुम्ही सोबत जोडलेले उतारे मी वाचले आणि त्यांत इंग्रजीचा दोष मला फारसा आढळला नाही. उलट ‘प्राइम लोकेशन’, ‘पॉश सोसायटी’, ‘उत्तम देखभाल’, ‘अत्यंत वाजवी किंमत’ हे शब्द तुम्ही फार सफाईने वापरले आहेत आणि अडचण तिथेच आहे. अहवाल वाचणारा बँक अधिकारी ती सदनिका बहुधा कधीच पाहणार नसतो. आणि कर्ज थकले, तर काही वर्षांनी दुसरा मूल्यांकक तुमचाच कागद हातात घेऊन त्या जिन्यात उभा राहतो. ‘उत्तम देखभाल’ त्याला पडताळता येत नाही. ‘बाहेरचे रंगकाम दोन वर्षांपूर्वीचे, लिफ्ट चालू, गच्चीखालच्या खोलीत छताला ओल’ हे मात्र पडताळता येते. ‘प्राइम लोकेशन’ऐवजी समोरच्या रस्त्याची रुंदी आणि बसथांब्यापर्यंतचे मीटर लिहावेत.

‘वाजवी किंमत’ हा शब्द मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण जे सिद्ध करायचे तेच तो आधी सांगून टाकतो. त्याऐवजी सूची क्रमांक 2 मधून, म्हणजे निबंधक कार्यालयातल्या नोंदणीकृत दस्तांच्या गोषवाऱ्यातून, त्याच परिसरातले अलीकडचे व्यवहार घ्यावेत, प्रत्येकाची नोंदणीची तारीख, चटई क्षेत्र, मजला आणि दर द्यावा, आणि तुलनेची सदनिका लिफ्टच्या इमारतीत असून तुमची बिनलिफ्टच्या चौथ्या मजल्यावर असेल, तर दरात किती टक्के वजावट धरली व का धरली, हे स्पष्ट लिहावे. मूल्यांकन हे शेवटी मतच असते, त्यामुळे या वजावटीत तुमचा स्वतःचा निर्णय उघड दिसलाच पाहिजे.

यात सारा दोष तुमचा नाही. अनेक बँकांच्या छापील नमुन्यातच सदनिका ‘पॉश, प्रथम श्रेणी, मध्यम की साधारण’ असा रकाना असतो आणि परिसर ‘उच्च, मध्यम की गरीब’ हेही विचारलेले असते. रकाना रिकामा ठेवता येत नाही; तो भरून शेऱ्यात आधार द्यावा.

मात्र एका अहवालातले ‘सुसंस्कृत, शाकाहारी लोकांची वस्ती’ हे वाक्य दुरुस्त करू नका, काढूनच टाका. ते मालमत्तेविषयी काहीच सांगत नाही. अमेरिकेत 1930 च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवताना रहिवाशांचा वंशही निकषात धरला आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्जासाठी धोक्याच्या, रंगात गेल्या. घरांच्या व्यवहारातला असा भेदभाव तिथे 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याने बेकायदा ठरला. शेजारी कोण राहतात यावरून घराची किंमत सुचवणारी वाक्ये आपल्याकडे अजून सहज लिहिली जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. कंपनी कायद्याखालील नोंदणीकृत मूल्यांककांच्या 2017 च्या नियमांनुसार जमीन व इमारत या वर्गात नोंदणी होण्यासाठी पदवीनंतर 5 वर्षांचा, पदव्युत्तर पदवी असल्यास त्यानंतर 3 वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त मूल्यांकक संघटनेचा 50 तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षेत 60 टक्के गुण लागतात. म्हणजे तुमच्या हाती अजून साडेतीन वर्षे आहेत आणि केवळ इंग्रजीच्या धास्तीने साइटची नोकरी धरण्याचे कारण मला दिसत नाही. पाहणीची टिपणे जागेवरच मराठीत लिहा : ओल, तडा, पोपडे, गंजलेली सळई. हे शब्द तुमच्या तोंडी आधीपासून आहेत आणि ‘गुड कंडिशन’पेक्षा कितीतरी नेमके आहेत. ऑफिसात बसून त्यांचे इंग्रजी करायला अर्धा तास जास्त लागेल, इतकेच. परत आलेल्या तीन अहवालांपैकी एक या रीतीने पुन्हा लिहून तुमच्या वरिष्ठांना दाखवा आणि बँकेकडे पाठवण्यापूर्वी त्यांच्याकडून तपासून घ्या.