ॲरिझोनाच्या वाळवंटात एक छोटी बंद पडलेली मँगनीजची खाण दिसली. एवढ्या आडरानात ती कोणी आणि का खणली असेल?

मी मूळचा तुमसरचा, भंडारा जिल्हा. मँगनीजचे ट्रक बघतच मोठा झालो आणि आता बरीच वर्षं फीनिक्सला आहे, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही.

तुम्ही लिहिलंय की वेंडनच्या जवळ डोंगराच्या कुशीत एक उभा खड्डा, एक आडवा बोगदा आणि काळ्या दगडांचा ढीग दिसला. त्या भागात अशा खाणी बऱ्याच आहेत, मी स्वतः दोन-तीन बघितल्यात. पण आधी एक सांगतो, तिथे जे जे काळं दिसतं ते सगळं खनिज नाही. वाळवंटात उघड्यावर पडलेल्या दगडांवर हजारो वर्षांत एक काळपट चकाकी चढते, तिला डेझर्ट व्हार्निश म्हणतात. त्यातही मँगनीज आणि लोखंड असतंच, पण थर केसाएवढा पातळ, दगड फोडला की आतून तांबूस नाहीतर राखाडी निघतो. खरं खनिज आतपर्यंत काळं असतं, हातात घेतलं की वजन लगेच जाणवतं, आणि मऊ प्रकारचं असेल तर बोटं काजळ लावल्यासारखी होतात. मी खिशात मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड ठेवतो, ताज्या फोडलेल्या तुकड्यावर दोन थेंब टाकले की सर्रकन फेस येतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पोरासारखा टाळ्या पिटल्या होत्या.

आता ते तिथे आलं कसं. साधारण दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी हा सगळा प्रदेश ताणला जात होता, जमिनीला भेगा पडत होत्या आणि ज्वालामुखीही चालू होते. खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्यात मँगनीज विरघळतं, पण त्या पाण्यात ऑक्सिजन नसेल तोवरच. तेच पाणी भेगेतून वर आलं, हवेतला ऑक्सिजन मिळाला, की मँगनीज ऑक्साइड होऊन भेगेच्या भिंतीवर थरावर थर बसतं, कधी कधी द्राक्षाच्या घडासारखे गुळगुळीत काळे गोळे तयार होतात, सोबत काळपट कॅल्साइट (चुन्याचं खनिज) असतं. आणि खाण छोटी का, याचं अर्धं उत्तर यातच आहे. हे सगळं पृष्ठभागाजवळ घडतं, त्यामुळे खाली गेलं की शीर, म्हणजे भेगेत भरलेला खनिजाचा पट्टा, बारीक होत जाते आणि संपते.

आमच्या भागातलं मँगनीज वेगळं. ते मुळात समुद्रतळावर साचलेला गाळ होता, मग जमिनीत खोल दाबला गेला, तापला, त्याच्या घड्या पडल्या, म्हणून ते लांबच लांब पट्ट्यात आणि खोलवर सापडतं, आणि डोंगरी बुजुर्गसारख्या खाणी आजही चालू आहेत.

उरलेलं अर्धं उत्तर पैशाचं. पोलाद बनवताना त्यातला गंधक आणि ऑक्सिजन आवरायला मँगनीज लागतंच, तेव्हाच्या हिशेबाने टनामागे साधारण 6-7 किलो, आणि अमेरिकेकडे स्वतःचं चांगलं खनिज जवळपास नाहीच. 1949 च्या सुमारास सोव्हिएत युनियनने पुरवठा आखडता घेतला तेव्हा भारतातून आयात वाढली आणि इकडे सरकारने देशातल्या लहान खाणवाल्यांकडून बाजारापेक्षा चढ्या भावाने माल घ्यायला सुरुवात केली. वेंडनलाच या खरेदीचा सरकारी डेपो होता. दोन-चार माणसं, एक कॉम्प्रेसर, एक जुना ट्रक, एवढ्यावर लोक शिरा खणायचे. 1959 पर्यंत ती सरकारी खरेदी थांबली आणि बहुतेक खाणी तशाच सोडून लोक निघून गेले. जवळच आर्टिलरी डोंगरात मँगनीजचा प्रचंड साठा आहे, पण त्यात मँगनीज जेमतेम 3-4 टक्के, आपल्याकडचं खनिज 40 च्या वर जातं, मग कोण खणणार?

गंमत म्हणजे या वाळवंटातल्या शिरांमध्ये होलंडाइट नावाचं एक खनिज मिळतं, ते 1906 साली मध्य भारतातल्या काजलीडोंगरीच्या नमुन्यावरून ओळखलं गेलं. इथे ते हातात आलं तेव्हा मला एकदम घर आठवलं.

आणि एक कळकळीने सांगतो, त्या बोगद्यात शिरू नका. आतले लाकडी टेकू सत्तर वर्षांचे आहेत, अंधारात मध्येच उभा शाफ्ट असू शकतो, आणि सावलीला रॅटलस्नेक बसलेले असतात. उभ्या खड्ड्याच्या काठावरही जाऊ नका, कडा आतून पोखरलेली असते. बघण्यासारखं सगळं बाहेरच्या ढिगाऱ्यावर आहे. पुन्हा गेलात आणि जागा कोणाच्या मालकीची किंवा क्लेमची (खणायचा हक्क कोणी नोंदवलेली) नसेल तर एक काळा दगड फोडा आणि ताज्या बाजूचा फोटो इथे टाका, द्राक्षांसारखे गोळे दिसतात का ते बघून मी सांगतो.