ड्रॅगसाठी बांधलेली १९७१ ची प्लिमथ डस्टर वळणाच्या रस्त्यावर नीट चालेल अशी कशी करायची?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते एवढं: गाडी १९७१ ची डस्टर, ३४० (घन इंची) इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने ती ड्रॅगसाठी, म्हणजे क्वार्टर मैलाच्या सरळ शर्यतीसाठी बांधली. पुढे काटकुळी चाकं, मागे स्लिक (बिननक्षीचे टायर), सुपर स्टॉक पाटे (ड्रॅगचे लीफ स्प्रिंग), डिफरन्शियलच्या जागी स्पूल आणि ४.५६ चा गिअर. तुम्ही अटलांटाला राहता, गाडी उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात न्यायची आहे, आणि कोणते पार्ट आधी घ्यावेत असं विचारलंय.

माझं उत्तर असं की खरेदी नंतर, आधी काय काढायचं ते ठरवा. ड्रॅगची गाडी सुटताना नाक वर उचलते आणि भार मागच्या टायरवर फेकते. ते पटकन व्हावं म्हणून तिचा पुढचा भाग मुद्दाम ढिला ठेवतात. वळणात, आणि वळणाआधी ब्रेक मारताना, तोच भार पुढच्या बाहेरच्या टायरवर येतो आणि ढिला पुढचा भाग त्याखाली कोसळतो. हे पार्ट जागेवर ठेवून वर महागडं सामान लावलं तर पैसे वाया जातात.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी करा. डॅशवर काचेखाली असलेला गाडीचा नंबर बघा. तो व्हीएस२९एच ने सुरू होत असेल तर ती कारखान्यातून ३४० म्हणूनच निघालेली डस्टर आहे. मग शीट मेटल कापू नका आणि काढलेला प्रत्येक पार्ट चिठ्ठी लावून ठेवून द्या. खाली सांगितलेलं जवळजवळ सगळं काम बोल्टवर होतं, परत मूळ रूपात आणता येतं.

सुरुवात ब्रेकपासून. ड्रॅगच्या हलक्या डिस्क पातळ असतात. त्यांचं काम शेवटच्या रेषेनंतर एकदा थांबणं आणि मग निवांत थंड होणं. डोंगर उतरताना दर वळणाला ब्रेक लागतो, त्या डिस्क तापून पेडल मऊ पडतं. पुढे जुने ड्रम असतील तर तीच गत. सगळ्यात सोपा आणि आजही मिळणारा उपाय म्हणजे १९७३ ते ७६ च्या ए-बॉडी (डस्टरच्याच साच्यावरच्या क्रायस्लर) गाड्यांचे सिंगल पिस्टनवाले डिस्क ब्रेक. पण तो अख्खा सेट म्हणून घ्या: स्पिंडल, कॅलिपर, ब्रॅकेट, रोटर आणि वरचे कंट्रोल आर्म. १९७३ पासून वरचा बॉल जॉइंट मोठा झाला, त्यामुळे तुमचे जुने वरचे आर्म त्या स्पिंडलला बसत नाहीत. लोक इथेच अडकतात आणि दुसऱ्यांदा ऑर्डर देतात. चाकाच्या बोल्टचं वर्तुळही ४ इंचावरून साडेचार इंच होतं, तेव्हा मागच्या अ‍ॅक्सलवर काय आहे ते आधी मोजा. ड्रॅगसाठी बदललेले अ‍ॅक्सल बहुधा साडेचारचेच निघतील. कॅलिपर अँटी-रोल बारला घासत असेल तर स्पिंडल डावी-उजवी अदलाबदल करून तो पुढचा मागे नेता येतो. कॅलिपर कसाही लावला तरी हवा काढायचा निपल वरच्याच बाजूला हवा, नाहीतर कितीही ब्लीड केलं तरी आत हवा राहणार.

लाइन-लॉक (मागचे टायर जागेवर फिरवताना पुढचे ब्रेक धरून ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. रस्त्यावर त्याचा उपयोग शून्य आणि गळतीची एक जागा वाढते. मोठ्या कॅममुळे इंजिनाचा व्हॅक्युम कमी असेल तर व्हॅक्युमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरच्या मागे लागू नका. बूस्टर नसताना १५/१६ इंच बोअरचा मास्टर सिलिंडर पायाला हलका जातो. मागचे १० इंची ड्रम पुरेसे आहेत, फक्त मागच्या लाइनवर अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) हवा. रिकाम्या मोकळ्या जागेत जोरात ब्रेक मारून तो असा लावा की पुढची चाकं आधी लॉक होतील. मागची आधी लॉक झाली तर गाडी फिरते.

डिस्क ठरल्यावर चाकं ठरतात. पुढे १७×८ च्या रिमवर २४५/४५ आणि मागे २५५/४५ हा या गाडीला साजेसा जोड आहे. रिमचा बॅकस्पेसिंग (बसायच्या जागेपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर) मात्र दुसऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका. ब्रेक बसल्यानंतर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून फेंडर, टाय रॉड आणि पाट्यापासूनचं अंतर मोजा, मगच ऑर्डर द्या.

आता पुढचं सस्पेन्शन. खरा फरक इथेच पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीत, लांब टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत. ३४० ला कारखान्यातून ०.८७ इंच जाडीचे बार यायचे. ड्रॅगवाले बरेचदा ते काढून सहा सिलिंडरच्या गाडीचे ०.८३ चे घालतात, म्हणजे नाक लवकर उठतं. तुमच्या गाडीत कोणते आहेत ते रंग खरवडून नाही, व्हर्नियर कॅलिपरने मोजा. त्याजागी १.०३ इंची बार घ्या. जाडीतला फरक किरकोळ वाटतो, पण टॉर्शन बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. ०.८७ च्या तुलनेत १.०३ चा बार जवळजवळ दुप्पट ताठ आहे आणि ०.८३ च्या तुलनेत सव्वादोन पटींहून जास्त. याहून जाड बारही मिळतात, पण खडबडीत डोंगरी रस्त्यावर टायर जमिनीला चिकटून राहायचा तर १.०३ वर थांबावं असं मला वाटतं.

बार बदलताना गाडी फ्रेमवर स्टँड लावून उचला, पुढची चाकं लोंबकळत राहिली पाहिजेत. वरच्या कंट्रोल आर्मचा रबरी रिबाउंड स्टॉप काढा, म्हणजे खालचा आर्म पूर्ण खाली जाईल. अ‍ॅडजस्टिंग बोल्ट पूर्ण सैल करा. मागच्या सॉकेटमधली क्लिप काढा, रबरी बूट सरकवा आणि बार मागच्या दिशेने ठोकून बाहेर काढा. ठोकण्यासाठी बारवर बसणारं क्लॅम्पचं हत्यार मिळतं, तेच वापरा. पाइप पाना किंवा व्हाइस ग्रिप थेट बारवर लावू नका. त्याचे दात उमटले की तिथूनच तडा सुरू होतो आणि पीळ दिलेला बार एखाद्या दिवशी चालत्या गाडीत तुटतो. नवा बार बसवताना षटकोनी टोकांना भरपूर ग्रीस लावा. डावा आणि उजवा बार वेगळे असतात, टोकावर खूण असते, अदलाबदल करू नका. आर्म पूर्ण खाली नसताना बार घुसवला तर एक षटकोन चुकतो. मग बोल्ट शेवटपर्यंत कसला तरी गाडी उंचीवर येत नाही आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

बार बाहेर असतानाच खालचे आर्म काढून त्यांच्या उघड्या खालच्या बाजूला पट्टी वेल्ड करून घ्या. मूळ आर्म दाबलेल्या पत्र्याचा आहे, ताठ बारखाली तो पिळतो. पिव्हट आणि स्ट्रट रॉडचे बुश नवे घाला. रबरी बुशचे नट मात्र गाडी चाकांवर, चालायच्या उंचीला उभी असताना शेवटचे कसा. हवेत लोंबकळत कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. उंची मूळपेक्षा साधारण एक इंच खाली चालेल, पण खालच्या बंपस्टॉपपर्यंत निदान एक इंच जागा राहू द्या.

९०/१० चे शॉक अ‍ॅब्झॉर्बर फेकून द्या. ते वर सहज सुटतात आणि खाली येताना अडतात, म्हणून थ्रॉटल दिल्यावर नाक पटकन उठतं आणि मग लवकर खाली बसत नाही, तरंगत राहतं. नवे घेताना जाड बारला पुरतील असे, चांगल्या रिबाउंडचे गॅस शॉक घ्या. पुढचा अँटी-रोल बार ड्रॅगवाल्यांनी वजन वाचवायला काढलेला असणार. सव्वा इंचाच्या आसपासचा नवा घाला.

अलाइनमेंटला दुकानात जाताना आकडे कागदावर लिहून न्या. त्यांच्या मशीनमध्ये १९७१ चे आकडे असतात. ते जुन्या धाटणीच्या बायस-प्लाय टायरसाठी होते आणि त्यात कॅस्टर (बाजूने बघताना चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा कल) जवळजवळ शून्य असतो. तुम्हाला हवं: कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) उणे पाऊण ते एक डिग्री, कॅस्टर अधिक ३ ते ५ डिग्री, एकूण टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असणं) १/१६ ते १/८ इंच. मूळ आर्मवर मूगचे के७१०३ ऑफसेट बुश घातले तर तीनच्या आसपास पोचता येतं, त्यापुढे ट्युब्युलर आर्म लागतात. वरच्या आर्मचा पुढचा कॅम (अलाइनमेंट लावायचा बोल्ट) बाहेर आणि मागचा आत वळवला की बॉल जॉइंट मागे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. मेकॅनिकला एवढं सांगितलं की काम पटकन होतं.

कॅस्टर वाढला की स्टिअरिंग जड होणार. २४:१ चा मॅन्युअल बॉक्स असेल तर हात भरपूर फिरवावे लागतील, १६:१ चा मॅन्युअल बॉक्स चपळ पण उभ्या गाडीत जड. कोणताही ठेवा, पण आयडलर आर्म, पिटमन आर्म आणि टाय रॉडची टोकं ढिली असतील तर आधी ती बदला.

आता मागे या. सुपर स्टॉक पाटे डावे-उजवे सारखे नसतात. उजव्या पाट्याच्या पुढच्या भागात ताकद जास्त आणि कमानही जास्त, कारण सुटताना इंजिनाचा पीळ ते चाक उचलू बघतो. उभी असताना अशी गाडी उजवीकडे किंचित वर दिसते. क्वार्टर मैलासाठी हे उत्तम, पण वळणाच्या रस्त्यावर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच वागते. दोन्ही बाजूंना एकसारखे, कमी कमानीचे पाटे घ्या. क्रायस्लरच्या पाट्याचा अ‍ॅक्सलपुढचा भाग मुळातच आखूड आणि ताठ असतो, त्यामुळे साध्या पाट्यांवरही अ‍ॅक्सल जोर दिल्यावर स्वतःभोवती फारसा वळत नाही आणि ट्रॅक्शन बारची गरज पडत नाही. यू-बोल्ट नवेच वापरा. लांब शॅकल किंवा एअर शॉक लावून मागचा भाग उचललेला असेल तर तेही काढा.

लॅडर बार (अ‍ॅक्सलपासून पुढे बॉडीला जोडलेले दांडे) असतील तर ते ठेवून चालणारच नाही. ते अ‍ॅक्सलला घट्ट बोल्ट केलेले असतात. गाडी कलली की दोन्ही बार वेगवेगळ्या कोनात जाऊ पाहतात, पण अ‍ॅक्सलची नळी त्यांना जाऊ देत नाही. मागचा भाग एकदम ताठ होतो आणि सूचना न देता सुटतो. मागच्या ड्रॅग अँटी-रोल बारचं तेच. पिनियन स्नबर (डिफरन्शियलच्या नाकावरचा रबरी ठोकळा) फ्लोअरला टेकवून ठेवला असेल तर मूळ उंचीला आणा, आणि पिनियनचं नाक ५-७ डिग्री खाली असेल तर २-३ वर आणा, नाहीतर हायवेवर कंपन येईल.

स्पूल म्हणजे डिफरन्शियलच नाही. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते शक्य होत नाही. आतला टायर घासतो, नाक सरळ ढकललं जातं आणि अ‍ॅक्सलवर सतत पीळ येतो. पावणेनऊ इंची क्रायस्लर अ‍ॅक्सलची सोय अशी की मधला अख्खा गोळा पुढून बाहेर निघतो. स्पूलवाला तसाच शेल्फवर ठेवा आणि ३.२३ किंवा ३.५५ चा क्लचवाला शुअर ग्रिप (दोन्ही चाकांना जोर देणारं, पण वळणात वेगळं फिरू देणारं डिफरन्शियल) घातलेला ४८९ नंबरचा गोळा घ्या. योकचा आकार तुमच्या ड्राइव्हशाफ्टशी जुळतो का ते बघून घ्या. २६ इंची टायरवर १०० किलोमीटर वेगाला ४.५६ ने इंजिन सुमारे ३,६६० फेरे घेतं, ३.५५ ने २,८५० आणि ३.२३ ने २,६०० च्या आत. डोंगरासाठी मी ३.५५ घेईन.

याच वेळी अ‍ॅक्सलचे बेअरिंग बघा. ड्रॅग गाड्यांत बहुधा सीलबंद ग्रीन बेअरिंग असतात. वळणात चाकावर आडवा जोर येतो, तो झेलायला मूळचे टेपर बेअरिंग जास्त भरवशाचे. त्यांचा एंड प्ले (आत-बाहेर सरकायची मोकळीक) ०.००८ ते ०.०१८ इंच ठेवायचा. त्यासाठी नव्या डिफरन्शियलच्या मधोमध थ्रस्ट ब्लॉक (दोन्ही शाफ्टच्या टोकांमधला ठोकळा) असायलाच हवा. तो नसेल तर एंड प्ले लागतच नाही, म्हणून गोळा विकत घेतानाच विचारा.

डस्टरला वेगळी चॅसी नाही, बॉडीच चॅसी आहे. टॉर्शन बारच्या क्रॉसमेंबरपासून मागच्या रेलपर्यंत सबफ्रेम कनेक्टर नसतील तर वेल्ड करून घ्या. कारखान्याच्या ३४० ला बोल्टवर न होणारं या यादीतलं मोठं काम हेच, पण ताठ बार घातल्यावर ते टाळू नये. रोल केज असेल तर नीट विचार करा. हेल्मेटशिवाय चालवताना डोक्याजवळचा नळ अपघातात जीव घेऊ शकतो. डोक्याच्या बाजूचे नळ काढा, निदान त्यांवर रेसिंगचं कडक पॅडिंग लावा. डिकीतली बॅटरी तशीच राहू द्या, वजन मागे गेलेलं चांगलंच. फक्त डबा बंद, बाहेर वाफ जाणारा, आणि मेन केबलला बॅटरीजवळ फ्यूज हवा.

इंजिनाला सध्या हात लावू नका. तीनच गोष्टी बघा: वळणात तेल पंपापासून पळू नये म्हणून बॅफलवाला ऑइल पॅन, पूर्ण श्राउडसह रेडिएटर, आणि हाय स्टॉलचा (इंजिनाचे फेरे बरेच वाढल्यावरच जोर पकडणारा) टॉर्क कन्व्हर्टर असेल तर २,२०० ते २,८०० चा कन्व्हर्टर व वेगळा ट्रान्समिशन कूलर. जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर चढावर सतत घसरतो आणि गिअरबॉक्सचं तेल जाळतो.

सगळं बसल्यावर पहिल्या शंभर मैलांनंतर यू-बोल्ट, स्ट्रट रॉडचे नट आणि चाकांचे नट पुन्हा टॉर्क करा, उंची मोजा आणि अलाइनमेंट परत तपासा. नवे पाटे थोडे बसतात आणि उंची बदलली की कॅम्बरही बदलतो. टायरमध्ये थंड असताना ३२ पीएसआय ठेवून सुरुवात करा. मागचा अँटी-रोल बार आधी लावूच नका. मोकळ्या जागेत एकसारख्या वर्तुळात हळूहळू वेग वाढवत चालवा. नाक बाहेर जात असेल तर आधी पुढच्या टायरचं प्रेशर दोन-दोन पीएसआयने बदलून बघा. तरीही जात असेल तरच मागे पाऊण इंचाचा बारीक बार घाला, आणि घातल्यावर त्याच वर्तुळात, ओल्या जमिनीवरही, पुन्हा तपासा.